पहिल्या चटणीचं मुसळ

"मशीनच्या चटणीनं जिभेला गंज चढला बघ माझ्या," सिद्धम्मा पुटपुटल्या आणि बोटाला लागलेली तीच चटणी चाटून साफ केली. मग आवाज आणखी खाली नेऊन, सुपातल्या शेंगदाण्यांना सांगावं तसं म्हणाल्या, "आन् म्हणं, पोटाला भोकं पाडून पिशवी काढणार. भोकातनं निघायला ती काय लेंग्याची नाडी हाय व्हय?"

दाक्षायणी त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून सासूबाई जे हळू बोलतात, ते नेमकं ऐकू जाईल इतकंच हळू असतं, हे ती लग्न होऊन बार्शीहून इथं आली त्या वर्षीच शिकली होती. ती भाजलेल्या शेंगदाण्यांची टरफलं चोळत राहिली. तळहाताला अजून ऊब लागत होती.

बाहेर रस्त्यावर पोरांचा नंदीध्वजाचा सराव चालला होता. काठी डोलली की घुंगरं वाजत, आणि कुणीतरी "सांभाळ रे!" म्हणून ओरडे. जत्रा आठवड्यावर आली होती. जत्रेआधीच्या सोमवारी या घरात पहिली चटणी होते. पुढच्या खोलीतलं मशीन वर्षभर शेंगाचटणी काढतं, पाकिटं भरली जातात, कडक भाकरीच्या चवडीबरोबर पार पुण्यापर्यंत जातात. पण या एका सोमवारी मशीनचं बटण कुणी दाबत नाही. पहिली चटणी दगडी उखळात, मुसळानं, थोरल्या सुनेच्या हातची. ती सिद्धेश्वराला दाखवायची, गल्लीत वाटायची, आणि मग धंद्याला मोकळं व्हायचं. सिद्धम्मांच्या सासूबाई, नागव्वा, यांनी ही रीत घातली, तेव्हा धंदा म्हणजे एक उखळ आणि एक परात एवढाच होता.

थोरली सून श्रीदेवी. पण ती नवऱ्याबरोबर अक्कलकोटला राहायला गेल्यापासून पहिल्या चटणीला एकदाही आली नव्हती. लग्नाला यायची, बारशाला यायची, मांडवात बसून आशीर्वाद द्यायची आणि संध्याकाळची एसटी पकडायची. मुसळ आपोआप धाकटीच्या, म्हणजे दाक्षायणीच्या हातात आलं.

त्याआधीची वर्षं दाक्षायणीला नुसत्या वासानं आठवत. भाजलेल्या शेंगांचा आणि ओल्या लसणाचा वास आला की तिच्या कानात ताल सुरू व्हायचा. एका उखळात दोन मुसळं. अक्काचं वर गेलं की हिचं खाली. नवी नवरी असताना दाक्षायणीचा नेम चुके, मुसळावर मुसळ आपटे, आणि श्रीदेवी इतकी हसे की तिच्या डोळ्यांतून पाणी येई. "अगं, माझ्याकडं बघ, उखळाकडं न्हाय. उखळ कुटं पळून जातंय?" तिच्या डोळ्यांकडं बघायला लागल्यावर ताल बसला. तेल सुटेपर्यंत कांडायचं, आणि तेल सुटेपर्यंत बोलायचं. नवऱ्यांच्या खोड्या, माहेरची उणीदुणी, सासूबाईंच्या चालण्याची नक्कल. चटणीत किती गोष्टी कांडल्या गेल्या असतील. त्यामुळंच ती खमंग लागायची, असं दाक्षायणीचं खासगी मत होतं.

मग एका वर्षी तो ताल मधेच तुटला. त्यावर या घरात कुणी बोलत नाही.

"दाक्षा, सूप दे हिकडं. पाखडू नगंस तू. चेहरा बघ कसा झालाय, धुतलेल्या धोतरागत," सिद्धम्मा म्हणाल्या. प्रेम त्यांच्याकडून असंच येई, ओरखडा काढत.

धोतराची उपमा आता थोडी जुनी झाली होती. दाक्षायणीला दोन-तीन वर्षं पाळीचा त्रास होता. आधी चार दिवस जात, मग दहा जायला लागले, मग महिना कुठं संपतो आणि कुठं सुरू होतो तेच कळेना. सोनोग्राफीत गाठी निघाल्या. रक्त इतकं कमी की जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागे. औषधं झाली, गोळ्या झाल्या. मग डॉक्टरीणबाईंनी लोहाची इंजेक्शनं देऊन रक्त वर आणलं आणि म्हणाल्या, आता वेळ घालवू नका, पुढच्या पाळीत हे पुन्हा वाहून जाईल. येत्या गुरुवारी दुर्बिणीनं ऑपरेशन ठरलं. ठरलं म्हणजे दाक्षायणीनं आणि तिच्या मुलीनं, शिवानीनं ठरवलं. घराचं ठरायचं होतं.

घर आज ठरवणार होतं. त्यासाठी मृत्युंजय, घरातले थोरले, श्रीदेवीचे यजमान, अक्कलकोटहून येणार होते. आणि ते एकटेच येणार असं सगळे धरून चालले होते.

फाटक वाजलं. आधी मृत्युंजयांचा खोकला आला, मग ते आले, आणि त्यांच्या मागून हिरव्या इरकलीतली श्रीदेवी.

"दोड्डव्वा!" शिवानी चप्पल न घालताच अंगणात धावली. थोरल्या काकूला ती लहानपणापासून अशीच हाक मारायची, आणि थोरल्या काकांना दोड्डप्पा.

सिद्धम्मांच्या हातातलं सूप जागीच थांबलं. "तू कशी आलीस गं?"

"एसटीनं, अव्वा," श्रीदेवी म्हणाली आणि वाकून पाया पडली. उठताना तिनं एक हात ओटीपोटाशी धरला. सवयीचा हात होता तो, तिच्याही लक्षात न येणारा. दाक्षायणीच्या आला.

"मी बोलावलं," शिवानी म्हणाली. ती पुण्याला नोकरी करत होती आणि रजा टाकून आली होती. "ज्यांचं झालंय त्यांनाच विचारू ना. ऐकीव कशाला?"

"बरंच झालं की," सिद्धम्मा सावरून म्हणाल्या. "तिच्या तोंडनंच ऐका. मंजी तुमची दुर्बीण जाईल उडत."

चहा झाला. सगळे स्वयंपाकघराच्या बाहेरच्या पडवीत उखळाभोवती बसले. मृत्युंजय खुर्चीवर, कारण त्यांचे गुडघे. गुरुशांत, दाक्षायणीचा नवरा, दाराच्या चौकटीला टेकून उभा. महत्त्वाचं बोलणं निघालं की तो नेहमी चौकटीत उभा राही. आतही नाही, बाहेरही नाही.

"तर," मृत्युंजयांनी घसा साफ केला, "ऑपरेशन नको असं कुणाचंच म्हणणं नाही. करायचं. पण पोट उघडून करायचं. डॉक्टरच्या डोळ्याला सरळ दिसलं पाहिजे. टीव्हीत बघून कुणी कापतंय होय?"

"दोड्डप्पा, टीव्हीत जास्त मोठं दिसतं," शिवानी म्हणाली. "साध्या डोळ्यानं दिसत नाही ती बारीक शीरसुद्धा दिसते. रक्त कमी जातं. आई दोन दिवसांत घरी येईल."

"दोन दिवसांत घरी येती म्हणून चांगलं व्हय? हॉटेल हाय का ते?" सिद्धम्मा म्हणाल्या. "माझं बघ. सिव्हिलला झालं. हितनं हितपर्यंत." त्यांनी बेंबीपासून खाली बोट ओढलं. ही रेघ घरातल्या प्रत्येक बाईनं कधी ना कधी बघितली होती. अंघोळीच्या वेळी पाठ चोळताना, किंवा मुद्दाम दाखवली म्हणून. "चाळीस वर्षं झाली. काय झालं मला? अजून सूप धरती की."

"आज्जी, तुझं नीट झालं हे चांगलंच आहे. पण..."

"नीट मंजी?" सिद्धम्मांचा आवाज एकाएकी मऊ झाला. हे त्यांचं आवडतं प्रकरण होतं. "नागव्वांनी मला उठू दिलं न्हाय. पाट मांडून भरवायच्या मला, स्वतःच्या हातानं. गव्हाची हुग्गी, तूप वरनं दिसंपर्यंत. मी म्हणायची, अत्ती, मला लाज वाटती. तर म्हणायच्या, टाका दिसतोय तवर तू पाव्हणी हायस या घरात. मग हायेच की मुसळ. तीन महिनं. पोरं त्यांनीच सांभाळली. मी नुसती पडून पत्र्यावरच्या चिमण्या बघायची." त्या थांबल्या. "चिमण्या किती भांडत्यात, तवा कळलं मला."

 बाहेर घुंगरं वाजली.

दाक्षायणीनं ही गोष्ट असंख्य वेळा ऐकली होती, पण आज तिला त्यात काहीतरी नवीन ऐकू आलं. लग्न झाल्यापासून आजपर्यंत या बाईला मिळालेली तेवढी एकच सुट्टी होती. ती त्या उभ्या टाक्यामुळं मिळाली. मोठा टाका दिसतो. त्याला मान मिळतो, हुग्गी मिळते. सासूबाई पोट फाडा म्हणत होत्या तेव्हा त्या सुनेचं वाईट चिंतत नव्हत्या. त्यांना ठाऊक असलेली माया त्याच वाटेनं आली होती, आणि दुसरी वाट त्यांनी पाहिलीच नव्हती.

"मी काय म्हणतो..." गुरुशांत म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं.

"म्हणजे, दोन्ही बाजूनं..." असं म्हणून तो चौकटीवरचा रंग नखानं खरवडायला लागला.

"तू म्हणूच नकोस," दाक्षायणी म्हणाली, आणि श्रीदेवीला हसू आलं. जुनं हसू. दाक्षायणीनं तिकडं बघितलं, आणि क्षणभर दोघींची नजर उखळावरून एकमेकींना भेटली.

"दाक्षा, तुझ्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांग," श्रीदेवी म्हणाली. आल्यापासून ती पहिल्यांदाच या विषयावर बोलत होती. "सगळं सांग. चांगलं तेवढंच नको."

दाक्षायणीनं सांगितलं. बेंबीतून दुर्बीण जाते आणि बाजूनं दोन-तीन बारीक हत्यारं. पिशवी खालच्या वाटेनं काढतात, पोट फाडावं लागत नाही. दुखणं कमी, जखम पिकण्याचं भय कमी, माणूस लवकर चालायला लागतं. पण धोका नाही असं ऑपरेशन नसतं, हेही त्यांनी साफ सांगितलं होतं. लघवीची पिशवी आणि नळ्या तिथंच खेटून असतात, क्वचित त्यांना इजा होते. गाठी चिकटून बसल्या असतील तर मधेच पोट उघडावं लागतं. तसं झालं तर घाबरू नका, म्हणाल्या, शहाणा डॉक्टर हट्ट करत नाही.

"बघ! उघडावं लागतंय शेवटी!" मृत्युंजय म्हणाले.

"क्वचित, दोड्डप्पा. क्वचित!"

"आमच्या घरात लागलंय की," मृत्युंजयांनी मांडीवर हात मारला. "हिचं काय झालं? तीन टोचे मारले, चौथ्या दिवशी घरी पाठवलं, सगळं मस्त. आणि पुढं? रात्रीत रक्ताचं थारोळं. दुसऱ्या दवाखान्यात नेऊन पोट उघडावं लागलं. बाटल्यांवर बाटल्या रक्त चढवलं. सहा महिने अंथरुणात. त्या दुर्बिणीवाल्यानं घोळ केला आणि भोगलं कुणी?"

"लागली न्हाय तिला दुर्बीण," सिद्धम्मा म्हणाल्या. या घरात हे वाक्य आता वाक्य राहिलं नव्हतं, कुलाचारच झाला होता. शेजारणींना, सोयऱ्यांना, दारावर आलेल्या भांडीवालीलासुद्धा सांगून झालं होतं. त्या डॉक्टरांकडं निघालेल्या गल्लीतल्या कितीतरी बायका ते ऐकून अर्ध्यातून परतल्या होत्या.

श्रीदेवी उखळाच्या कडेवरून बोट फिरवत होती. एका बाजूला दगड झिजून खोलगट झाला होता. ती तिची बाजू.

दाक्षायणीनं मान खाली घातली. डॉक्टरीणबाईंचं एक वाक्य तिनं सांगितलंच नव्हतं. निघताना, दाराशी, त्या म्हणाल्या होत्या, "वरचं भोक लहान असतं हो, आतलं काम तेवढंच असतं. आतले टाके भरायला तेवढेच आठवडे लागतात. वरून काही दिसत नाही म्हणून घरचे विसरतात."  ते वाक्य इथं उच्चारलं असतं तर त्याच्या मागोमाग दुसरं आलं असतं, आणि ते दुसरं कुणाच्या पदरात पडलं असतं हे सगळ्यांना माहीत होतं. सासूबाई आता थकल्या होत्या. त्यांच्या म्हातारपणी कशाला.

तिनं विचार केला, करू दे पोट उघडून. सहा आठवड्यांऐवजी दोन-तीन महिने. बाया आधी करतच होत्या की. निदान टाका तरी दिसेल.

"चालेल," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता तसं करू. गुरुवारचं रद्द करते. ज्येष्ठ डॉक्टर आहेत ना दोड्डप्पांच्या ओळखीचे, त्यांना विचारू. जत्रा झाल्यावर."

"आई!" शिवानी उठून उभीच राहिली. "पुन्हा पाळी येईल तुला तोवर! मग पुन्हा इंजेक्शनं! आणि कशासाठी?"

"बस खाली," मृत्युंजय म्हणाले. "झालं की ठरलं. समजूतदार आहे तुझी आई."

"झालं," सिद्धम्मांनीही सुस्कारा सोडला. दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून त्या उठल्या, कोपऱ्यात उभं केलेलं मुसळ घेतलं, पदरानं पुसलं. त्याच्या तळाच्या लोखंडी कड्याला, वसूला, हळदीकुंकू लावलं. उखळात शेंगदाणे पडले, लसूण पडला, लाल तिखटाची ओंजळ पडली आणि सगळ्यांना शिंक आली. "श्रीदेवी आलीया आज. थोरली. लई वर्षांनी रीत नीट हुईल बघ. घे."

त्यांनी मुसळ पुढं केलं.

श्रीदेवीनं ते घेतलं. दोन्ही हातांनी, पूर्वी धरायची तसंच, वरचा हात सैल आणि खालचा घट्ट. दाक्षायणीच्या कानात ताल सुरू झाला. तिचं अंग नकळत उठलं, दुसऱ्या मुसळाकडं हात गेला. एवढं तरी परत मिळू दे, तिला वाटलं. एकदा, तेल सुटेपर्यंत.

श्रीदेवीनं मुसळ वर केलं नाही. ते हातात तोलत ती थोडा वेळ उभी राहिली, वजन आठवत असल्यासारखी. मग वळून तिनं ते नवऱ्याच्या मांडीवर आडवं ठेवलं.

"हं. तुम्ही कांडा."

"मी?" मृत्युंजय मुसळाकडं असे बघत राहिले, जणू कुणी दुसऱ्याचं तान्हं पोर त्यांच्या मांडीवर दिलं होतं.

"तुम्ही एकदा, भावजी एकदा. दोन मुसळं हायेत. ताल बसंल हळूहळू. उखळाकडं न्हाय, एकमेकांकडं बघायचं." ती दाक्षायणीजवळ येऊन खाली बसली, गुडघ्याला गुडघा लावून. "आणि तू गुरुवारी जायचं. दुर्बिणीनंच करायचं. परत आलीस की सहा आठवडे ह्या उखळाकडं बघायचंसुद्धा न्हाय. मी येऊन राहते. हुग्गी करते, तूप वरनं दिसंपर्यंत."

"अगं बये," सिद्धम्मा कळवळून म्हणाल्या, "तुझंच झालं न्हवं तसं, दुर्बिणीनं? इसरलीस व्हय?"

"साकु, अव्वा."

पुरे. एवढ्या हळू म्हणाली की घुंगरांच्या आवाजातही ते सगळ्यांना ऐकू गेलं. सिद्धम्मा मुसळाच्या रिकाम्या जागेला हात टेकत भिंतीशी बसल्या. गुरुशांत चौकटीतून पहिल्यांदा आत आला.

"ती गप बसलीय तुमच्यासाठी, आणि मीही गप बसले तुमच्यासाठी," श्रीदेवी म्हणाली. "आता ती पोट फाडून घ्यायला निघालीय, ह्या गप्पपणापायी." तिनं दाक्षायणीचा हात हातात घेतला, तिखटानं लाल झालेला. सासूकडं बघून, जराही आवाज न चढवता, ती पुढं बोलली.

"दुर्बिणीनं मला काहीसुद्धा केलं नव्हतं, अव्वा. आतले टाके ओले असताना तुम्ही माझ्या हातात मुसळ दिलं, आणि दवाखान्यात डॉक्टरांनी 'जड काही केलं का' म्हणून विचारलं, तेव्हा माझ्या खाटेभोवती उभे राहून तुम्ही सगळे 'न्हाय' म्हणालात."